रॉकेटला डबे जोडताना: मॉड्युलर टप्पे काय देतात आणि काय मागतात

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे लोकलच्या गर्दीत हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा आपल्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "म्हणजे ना" आणि "ॲक्च्युली" थोडे कमी केलेत.

आजचा विषय रॉकेटचा आहे. पण उपग्रह कुठे गेला, चंद्रावर काय सापडलं, हे आज नाही. आज आपण रॉकेटच्या खालच्या भागाबद्दल बोलू, जो धूर काढतो, काही मिनिटांत जळून जातो आणि समुद्रात पडतो. बातमीत त्याला दोन सेकंद मिळतात. पण एखाद्या देशाला अवकाशात जाणं परवडणार की नाही, हे तिथेच ठरतं.

प्रश्न साधा आहे. प्रत्येक रॉकेट शून्यापासून नवं बनवायचं, की आधीच सिद्ध झालेले तुकडे घेऊन वेगवेगळ्या प्रकारे जोडायचे? दुसऱ्या पद्धतीला म्हणतात मॉड्युलर डिझाइन. इंटरनेटवर कुणीतरी लगेच कमेंट करतं, "लेगोसारखं, सोपंय." सोपं का नाही, आणि तरीही सगळे देश त्याच्या मागे का लागलेत, हे आज उलगडू.

आधी टप्पेच का लागतात?

पृथ्वीभोवतीच्या खालच्या कक्षेत जायचं तर गुरुत्वाकर्षण आणि हवेचा अडथळा धरून रॉकेटला साधारण साडेनऊ किलोमीटर प्रतिसेकंद इतका वेग कमवावा लागतो. रॉकेट वेग कमावतं ते मागे वायू फेकून. धरून चला की वायू तीन किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने बाहेर पडतोय.

आता रशियाचे कॉन्स्टँटिन त्सिओलकोव्स्की यांचं प्रसिद्ध समीकरण लावा. शंभर टनांचं एकसंध रॉकेट घेतलं, तर इंधन संपल्यावर जेमतेम सव्वाचार-साडेचार टन उरायला हवेत. या साडेचार टनांत टाक्या, इंजिन, नळ्या, वायरिंग आणि उपग्रह सगळं बसवायचं. पण पंचाण्णव टन इंधन धरून ठेवणारी टाकी आणि इंजिनच दहा टनांच्या आसपास जातात. म्हणजे उपग्रहाच्या वाट्याला येतात उणे पाच टन. दुकान उघडायच्या आधीच दिवाळं.

आता तेच शंभर टन दोन टप्प्यांत वाटा. पहिला टप्पा अर्धा वेग देतो, त्याची रिकामी टाकी आपण फेकून देतो, आणि वरचा हलका टप्पा उरलेला अर्धा वेग कमावतो. प्रत्येक टप्प्याच्या वजनात दहा टक्के सांगाडा धरला, तर शेवटी दीडेक टन उपग्रह वर पोचतो. इंधन तेच, धातू तोच. बदललं एवढंच की रिकामी भांडी आपण डोक्यावर घेऊन फिरलो नाही.

म्हणून टप्पे लागतात. आणि टप्पे आले की मोह येतोच: हा टप्पा त्या रॉकेटलाही लावता येईल का?

पंधरा डब्यांची लोकल

मुंबईकरांना मॉड्युलर डिझाइन समजावून सांगावं लागत नाही. आधी नऊ डब्यांची लोकल होती, मग बारा डब्यांची आली, मग पंधरा डब्यांची. डबे तेच, जास्त जोडले की जास्त माणसं. हिशेब संपला?

नाही. कारण पंधरा डब्यांची गाडी थांबायला प्लॅटफॉर्म लांब लागतो. सिग्नलची जागा बदलावी लागते. म्हणूनच पंधरा डब्यांची गाडी हवी तिथे, हवी त्या मार्गावर सोडता येत नाही. डबा मॉड्युलर असला तरी स्टेशन तसं नसतं.

ही गोष्ट डोक्यात ठेवा. रॉकेटमध्येही नेमकं हेच होतं. तुकडा जोडायला सोपा, पण तुकड्याभोवतीचं सगळं बदलतं.

एक मीटर जाडीची नळी

आपल्या इस्रोची गोष्ट घेऊ, कारण मॉड्युलर विचार शिकायला याहून चांगलं उदाहरण क्वचितच मिळेल.

एसएलव्ही-३ हे भारताचं पहिलं प्रक्षेपण वाहन. पहिलं उड्डाण १० ऑगस्ट १९७९ ला अपयशी ठरलं, १८ जुलै १९८० ला यश मिळालं. त्याचा पहिला टप्पा म्हणजे एक मीटर व्यासाची, सुमारे नऊ टन घन इंधन भरलेली मोटर. घन इंधन म्हणजे रबरासारखं दिसणारं, केसिंगमध्येच ओतून घट्ट केलेलं इंधन. या क्षेत्राचा भारतातला पाया घालणाऱ्यांत आपले डॉ. वसंत गोवारीकर होते, जे पुढे तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. पावसाच्या अंदाजामुळे त्यांचं नाव घरोघरी पोचलं, पण त्यांचं आधीचं मोठं काम हे इंधनाचं होतं.

एसएलव्ही चाळीसेक किलोचा उपग्रह नेऊ शकत होतं. पुढची पायरी हवी होती. इस्रोने काय केलं? नवी मोठी मोटर बनवण्याऐवजी त्याच एक मीटरवाल्या मोटरच्या जातीच्या दोन मोटरी मुख्य रॉकेटच्या दोन बाजूंना बांधल्या. हे झालं एएसएलव्ही. बाजूला बांधलेल्या अशा मोटरला स्ट्रॅप-ऑन म्हणतात. मोटर ओळखीची, साचे ओळखीचे, कारागीर ओळखीचे. जोखीम कमी असायला हवी, नाही का?

पहिलं उड्डाण, २४ मार्च १९८७. रचना अशी होती की जमिनीवर फक्त दोन स्ट्रॅप-ऑन पेटतील, आणि त्या विझल्या की मधला कोअर पेटेल. स्ट्रॅप-ऑन छान जळल्या. कोअर पेटलाच नाही. दुसरं उड्डाण, १३ जुलै १९८८. या वेळी स्ट्रॅप-ऑनकडून कोअरकडे सूत्रं जाण्याच्या मधल्या क्षणांत वाहनावरचा ताबा सुटला आणि ते मोडलं.

इथे जरा थांबा आणि नीट बघा. दोन्ही वेळा मोटर वाईट नव्हती. दोन्ही वेळा घात झाला तो एका तुकड्याचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होण्याच्या जागी. रिले शर्यतीत दोन्ही धावपटू वेगवान असतात, आणि बॅटन देताना पडतं. तसं.

तिसऱ्या उड्डाणाला, म्हणजे मे १९९२ मध्ये, हे वाहन कक्षेत पोचलं. मधली चार वर्षं मोटर सुधारण्यापेक्षा ही सांध्याची जागा समजून घेण्यात गेली.

पीएसएलव्ही: सहा खुंट्या असलेली भिंत

आता तीच एक मीटरची नळी पुढे कुठे गेली बघा. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याभोवती तशाच सहा स्ट्रॅप-ऑन आल्या. सुरुवातीला प्रत्येकीत नऊ टनांच्या आसपास इंधन. मधला कोअर मात्र राक्षसी: २.८ मीटर व्यास आणि सुमारे १३८ टन घन इंधन, पाच भाग एकमेकांवर रचून केलेला. आणि एएसएलव्हीचा धडा इथे दिसतो. पीएसएलव्हीत कोअर आणि स्ट्रॅप-ऑन यांच्यात ती धोकादायक रिकामी फट ठेवलेली नाही. कोअर जमिनीवरच पेटतो, स्ट्रॅप-ऑन त्याला हातभार लावतात.

मग पीएसएलव्ही खऱ्या अर्थाने मॉड्युलर झालं ते असं.

उपग्रह छोटा आहे? स्ट्रॅप-ऑन लावूच नका. ही 'कोअर अलोन' आवृत्ती, एप्रिल २००७ मध्ये इटलीचा आजिले उपग्रह घेऊन पहिल्यांदा उडाली. उपग्रह मोठा आहे? स्ट्रॅप-ऑन लांब करा, प्रत्येकीत बारा टन इंधन भरा. ही 'एक्सएल' आवृत्ती, २२ ऑक्टोबर २००८ ला चांद्रयान-१ घेऊन पहिल्यांदा उडाली. मंगळयानही हिनेच नेलं. उपग्रह मधल्या वजनाचा आहे? दोन स्ट्रॅप-ऑनची 'डीएल' आवृत्ती जानेवारी २०१९ मध्ये आली, आणि चार स्ट्रॅप-ऑनची 'क्यूएल' १ एप्रिल २०१९ ला.

म्हणजे एकाच कोअरभोवती शून्य, दोन, चार किंवा सहा. भिंतीला सहा खुंट्या आहेत, पिशव्या किती टांगायच्या ते बाजारात काय घ्यायचंय त्यावर. सूर्य-समकालिक कक्षेसाठी कोअर अलोन साधारण अकराशे किलो नेतं, एक्सएल साधारण साडेसतराशे किलो. छोट्या ग्राहकाला सहा मोटरींचे पैसे द्यावे लागत नाहीत. हा मॉड्युलर डिझाइनचा पहिला, रोकडा फायदा.

दुसरा फायदा कारखान्यात दिसतो. एकाच मापाची वस्तू वर्षानुवर्षं बनत राहिली की हात बसतो, साचे वसूल होतात, तपासणीचा डेटा साठतो. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात विकास इंजिनं बनतात, पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला घन मोटरींची अवजड केसिंग्ज बनतात. अशा कारखान्यांना 'दर वर्षी हीच वस्तू, इतके नग' अशी ऑर्डर मिळणं आणि 'या वेळी सगळं वेगळं' असं ऐकणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लोक टिकतात, कौशल्य टिकतं.

पण खुंटीवर पिशवी टांगली की भिंत हलते

आता खर्चाची बाजू. सहाच्या जागी चार स्ट्रॅप-ऑन लावल्या, तर डिझायनरला काय काय पुन्हा बघावं लागतं?

एक, वजन आणि जोर बदलला, म्हणजे वर जायचा वेग बदलला. हवेचा सर्वाधिक दाब कोणत्या उंचीवर, किती बसणार, हे बदललं. उपग्रहाच्या टोपणावर त्याचा ताण येतो.

दोन, रॉकेट ताठ खांब नाही. उंच बांबूसारखं ते उड्डाणात थरथरतं, वाकतं. त्याची स्वतःची थरथरण्याची गती असते. स्ट्रॅप-ऑन काढल्या किंवा घातल्या की ती बदलते. ऑटोपायलट जर या थरथरण्यालाच दिशा चुकली असं समजला, तर तो दुरुस्ती करत राहील आणि थरथर वाढवत राहील. म्हणून प्रत्येक आवृत्तीसाठी नियंत्रणाचं सॉफ्टवेअर पुन्हा जुळवावं लागतं.

तीन, समोरासमोरच्या मोटरी अगदी एकाच क्षणी विझत नाहीत. एक जरा आधी, एक जरा नंतर. तेवढ्या वेळात रॉकेट एका बाजूला ढकललं जातं. ते सांभाळायला दिशा बदलण्याची ताकद शिल्लक हवी.

चार, विझलेली मोटर सुटून पडताना कोअरला घासता कामा नये. एक्सएलमध्ये तर चार स्ट्रॅप-ऑन जमिनीवर पेटतात आणि दोन हवेत, उड्डाणानंतर सुमारे पंचवीस सेकंदांनी. म्हणजे पेटवण्याचं आणि सोडण्याचं वेळापत्रक दुहेरी.

तुकडा तोच, पण प्रत्येक जोडणी नवं रॉकेट आहे असं समजून तपासावी लागते. हार्डवेअरची बचत होते, डोक्याची होत नाही.

जगातलं सगळ्यात बोलकं उदाहरण फाल्कन हेवीचं. कागदावर कल्पना अशी: फाल्कन ९ चे तीन पहिले टप्पे शेजारी शेजारी बांधा, झालं मोठं रॉकेट. इलॉन मस्क यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की वाटलं होतं त्यापेक्षा हे फार कठीण निघालं. दोन बाजूंचा सगळा जोर मधल्या टप्प्याने पेलायचा, म्हणून तो जवळजवळ नव्यानेच डिझाइन करावा लागला. सत्तावीस इंजिनं एकत्र पेटल्यावरचा आवाज आणि थरथर वेगळीच. पहिलं उड्डाण झालं ते ६ फेब्रुवारी २०१८ ला, सुरुवातीच्या अंदाजापेक्षा कितीतरी वर्षं उशिरा.

विकास: एक इंजिन, तीन घरं

आता द्रव इंधनाकडे. विकास इंजिनाचं मूळ फ्रान्सच्या व्हायकिंग इंजिनात आहे. १९७४ मध्ये इस्रो आणि फ्रेंच कंपनी एसईपी यांच्यात करार झाला, आपले इंजिनिअर तिकडे जाऊन काम शिकले, आणि ते तंत्रज्ञान इथे आलं.

हे एकच इंजिन आज किती ठिकाणी आहे मोजा. पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा: एक. जीएसएलव्हीत चार मोठ्या द्रव स्ट्रॅप-ऑन, प्रत्येकीत एक, आणि दुसऱ्या टप्प्यात आणखी एक: एकूण पाच. एलव्हीएम-३, म्हणजे चांद्रयान-३ नेणारं वाहन, त्याच्या मधल्या एल-११० टप्प्यात दोन. अर्थात जमिनीवर पेटणाऱ्या आणि वर विरळ हवेत पेटणाऱ्या इंजिनाचं नोझल सारखं ठेवून चालत नाही, टाकीचा व्यासही बदलतो. पण इंजिनाचं काळीज तेच.

आता याची दुसरी बाजू. समजा एक इंजिन शंभरातून नव्व्याण्णव वेळा नीट चालतं. एक इंजिन असेल तर यशाची शक्यता ९९ टक्के. पाच इंजिनं, आणि पाचही चालायलाच हवीत, तर ती उतरते ९५ टक्क्यांवर. तुकडे वाढले की बिघडण्याच्या जागाही वाढतात. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, विकासचे नाहीत. पण घडलेली घटना खरी आहे. १० जुलै २००६ ला जीएसएलव्ही-एफ०२ इन्सॅट-४सी घेऊन उडालं. चारपैकी एका स्ट्रॅप-ऑनचं इंजिन सुरुवातीलाच बंद पडलं, कारण इंधनाचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या एका भागात निर्मितीतला दोष राहिला होता. बाकीची तीन चालू होती. पण तीन पायांवर तोल राहिला नाही, आणि वाहन बंगालच्या उपसागरात गेलं.

आणखी एक धोका असतो, तो जास्त छुपा. एकच भाग सगळीकडे वापरला की त्याचा दोषही सगळीकडे जातो. रशियात जानेवारी २०१७ मध्ये प्रोटॉन रॉकेटच्या वरच्या टप्प्यांची इंजिनं परत मागवावी लागली, कारण कारखान्यात ठरलेल्याऐवजी दुसरा मिश्रधातू वापरला गेल्याचं उघड झालं. एक गोदाम चुकलं आणि अख्खा ताफा महिनोन्महिने जमिनीवर. वसाहतीला एकच पाण्याची टाकी असली की खर्च वाचतो, पण टाकी गढूळ झाली तर सगळ्यांच्याच नळाला गढूळ पाणी.

रिकामं नळकांडं उचलून नेण्याची किंमत

जीएसएलव्हीतली एक गंमत फार लोकांच्या लक्षात येत नाही. त्याचा मधला कोअर म्हणजे पीएसएलव्हीचीच ती १३८ टनी घन मोटर. सिद्ध झालेली, उत्पादनात असलेली, म्हणून घेतली. ती सुमारे शंभर सेकंदांत जळून संपते. भोवतीच्या चार द्रव स्ट्रॅप-ऑन मात्र सुमारे दीडशे सेकंद चालतात. आणि त्या कोअरलाच बांधलेल्या असल्यामुळे मधे सुटू शकत नाहीत.

म्हणजे जवळपास पन्नास सेकंद चार इंजिनं एक भलंमोठं, रिकामं पोलादी नळकांडं वर ओढत असतात. आपण सुरुवातीला काय शिकलो? रिकामी भांडी फेकून द्या. इथे उलटं होतं. कोऱ्या कागदावर कुणी असं रॉकेट काढणार नाही.

मग हा मूर्खपणा आहे का? मला तसं वाटत नाही. नवी मोटर विकसित करायला लागणारी वर्षं आणि पैसा एका पारड्यात, आणि दर उड्डाणात वाया जाणारी थोडी क्षमता दुसऱ्या पारड्यात. इस्रोने ओळखीचा तुकडा निवडला. पुढे एलव्हीएम-३ करताना मात्र कोऱ्या कागदावरून सुरुवात केली: दोनशे टनी एस-२०० बूस्टर दोन बाजूंना, मधे एल-११०, वर क्रायोजेनिक सी-२५. इथे बूस्टर जळून संपले की सुटून पडतात. विकास इंजिन तेवढं जुनं ठेवलं. कुठला तुकडा जुना ठेवायचा आणि कुठला सोडायचा, हे ठरवणं हेच खरं डिझाइन.

सांधा कुणाचा?

आता मी ज्यासाठी हा एपिसोड केला, ती गोष्ट.

२५ डिसेंबर २०१०. जीएसएलव्ही-एफ०६. पहिल्या मिनिटाच्या आतच वाहनाचा ताबा सुटला आणि ते नष्ट करावं लागलं. कारण काय निघालं? वरच्या संगणकाकडून खालच्या स्ट्रॅप-ऑनना आज्ञा नेणाऱ्या तारांचे कनेक्टर उड्डाणात अवेळी सुटले. ते कनेक्टर रशियन क्रायोजेनिक टप्प्याच्या तळाशी होते. इंजिनं ठणठणीत होती. संगणक ठणठणीत होता. दोघांमधला प्लग निघाला.

त्याआधी, २८ जानेवारी १९८६. अमेरिकेचं चॅलेंजर यान. त्याचे घन बूस्टर युटा राज्यात भागाभागांत बनत आणि रेल्वेने फ्लोरिडाला जात. भाग केले कारण अख्खी मोटर तशी नेता येत नव्हती. दोन भागांच्या सांध्यात रबराच्या रिंगा. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती, रबर ताठ झालं, सांधा बंद झाला नाही, गरम वायू बाहेर आले. सात अंतराळवीर गेले. त्या सांध्याच्या तक्रारी इंजिनिअरांनी आदल्या रात्रीसुद्धा मांडल्या होत्या.

एएसएलव्हीची दोन उड्डाणं, एफ०६, चॅलेंजर. देश वेगळे, दशकं वेगळी. बिघाड मात्र दर वेळी तुकड्यात नव्हता, दोन तुकड्यांच्या मधे होता. आणि मधल्या जागेचा एक सामाजिक प्रॉब्लेम असतो: ती कुणाचीच नसते. इंजिनवाली टीम इंजिन तपासते, टाकीवाली टाकी तपासते. दोन घरांमधल्या बोळासारखं, तिथे झाडू कुणी मारायचा यावर दोघं गप्प.

म्हणून चांगल्या मॉड्युलर डिझाइनमध्ये सांध्याला स्वतःचा मालक असतो. इंटरफेस कंट्रोल नावाची कागदपत्रं असतात: बोल्ट कुठे, किती भार, कोणती तार, किती तापमान, कोणत्या क्षणी काय सुटणार. एका बाजूने एक मिलिमीटर बदलायचा तरी दुसऱ्या बाजूची सही लागते. कंटाळवाणं काम आहे. रील बनवण्यासारखं त्यात काहीच नाही. पण जीव त्यावरच असतो.

आता हे आपल्यासाठी का महत्त्वाचं?

कारण पुढची काही वर्षं हाच खेळ आहे. १८ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या पिढीच्या प्रक्षेपकाला, म्हणजे एनजीएलव्हीला मंजुरी दिली. खालच्या कक्षेत तीस टनांपर्यंत नेण्याचं लक्ष्य, पहिला टप्पा परत वापरता येणारा, आणि मंजुरीच्या घोषणेतच 'मॉड्युलर' हा शब्द. एलव्हीएम-३ च्या तिप्पट वजन, दीडपट खर्चात, असा दावा आहे. दुसरीकडे एलव्हीएम-३ मधला एल-११० काढून त्या जागी केरोसिन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारा एससी-१२० टप्पा बसवण्याचं काम चालू आहे. टप्पा बदलला की प्रक्षेपण तळावरची इंधन भरण्याची व्यवस्था बदलते, थरथरण्याची गती बदलते, सॉफ्टवेअर बदलतं. पंधरा डब्यांचा प्लॅटफॉर्म आठवला?

आणि याच एलव्हीएम-३ ची मानवी उड्डाणासाठीची आवृत्ती गगनयानला नेणार आहे. म्हणजे या टप्प्यांच्या, बूस्टरच्या भागांच्या सांध्यांवर आपली माणसं बसणार आहेत. तेव्हा "सिद्ध झालेलं इंजिन आहे" एवढं उत्तर पुरेसं नाही.

आपले स्टार्टअपही याच वाटेने निघालेत. चेन्नईच्या अग्निकुलची कल्पनाच अशी की ग्राहकाच्या वजनानुसार पहिल्या टप्प्यातल्या इंजिनांची संख्या बदलायची. कल्पना झकास आहे. म्हणूनच तिला नीट प्रश्न विचारायला हवेत.

पुढच्या वेळी कुणी स्टेजवर येऊन "आमचं रॉकेट मॉड्युलर आहे" म्हटलं, की हे तीन प्रश्न विचारा. पहिला: नेमकं काय समान आहे? इंजिन, टाकी, साचा, की फक्त पोस्टरवरचं चित्र? दुसरा: समान ठेवण्यासाठी तुम्ही किती रिकामी भांडी वर नेताय, आणि ते परवडतं का? तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: ही जोडणी, हीच, कधी उडाली आहे का? आणि सांधा कोण तपासतं, त्या टीमचं नाव काय?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर पटकन आलं, तर त्या लोकांवर भरवसा ठेवायला हरकत नाही. अडखळले, तर तारीख पुढे जाणार हे गृहीत धरा. आणि तारीख पुढे गेली म्हणून ट्रोल करू नका. सांधा पुन्हा तपासायला थांबलेलं रॉकेट हे उडून मोडलेल्या रॉकेटपेक्षा केव्हाही स्वस्त.

तुमच्यापैकी जे डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला आहेत, त्यांना एक सांगतो. सगळ्यांना इंजिन डिझाइन करायचं असतं, ते ठीक आहे. पण वेल्डिंग, सील, कनेक्टर, कंपनांची चाचणी, इंटरफेसची कागदपत्रं, या ठिकाणी चांगली माणसं कमी पडतात. तिथे जाणाऱ्याचं नाव बातमीत येत नाही. पण रॉकेट कक्षेत पोचतं ते त्याच्यामुळेही.

आजच्यापुरतं एवढंच. प्रश्न असतील तर पाठवा, निवडक प्रश्नांवर पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला बोलू. पुढच्या वेळी क्रायोजेनिक इंजिन: उणे अडीचशे अंशाचं इंधन शेजारी आणि तीन हजार अंशांची आग पलीकडे, मधे काही मिलिमीटरची भिंत. तोही एक सांधाच आहे. भेटूया!